स्टडी परमिट आणि स्पॉन्सरशिप एकत्र: कॅनडाला निघालेल्या मैत्रिणीला उत्तर

तुझा प्रश्न असा, की होणारा नवरा कॅनडातल्या मिसिसॉगात पीआर (कायमचा रहिवासी) आहे, लग्न डिसेंबरात नाशिकला आहे आणि स्पॉन्सरशिपला, म्हणजे नवऱ्याच्या हमीवर बायकोला पीआर मिळायला, बराच वेळ लागतो असं सगळे म्हणतात. मग एखाद्या कॉलेजात प्रवेश घेऊन स्टडी परमिटवर आधी गेलीस आणि तिथून पीआरचा अर्ज केलास, तर चालेल का? शिवाय एजंट म्हणतोय की स्टडी परमिटच्या अर्जात लग्नाचा विषयच काढू नका.

आधी एजंटचं बघू. त्याचं अजिबात ऐकू नकोस. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवणं म्हणजे दिशाभूल, आणि त्यासाठी 5 वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते. त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. आज 'तिथे माझं कोणी नाही' असं सुचवायचं आणि उद्या त्याच खात्याला 'आमची ओळख तीन वर्षांची' म्हणून फोटो पाठवायचे, तर दोन्ही फाइली एकाच अधिकाऱ्याला शेजारी-शेजारी दिसतात.

आणि लपवायची गरजच नाही. त्याच कायद्याच्या कलम 22(2) मध्ये स्पष्ट म्हटलंय की कायम राहायची इच्छा असली तरी तात्पुरता व्हिसा मिळू शकतो. अट एवढीच, की मुदत संपेल तेव्हा परत जाशील याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. याला 'ड्युअल इंटेंट', म्हणजे दुहेरी हेतू, म्हणतात. म्हणून पत्रात सरळ लिही: लग्न ठरलंय, कोणाशी, स्पॉन्सरशिप कधी करणार आहोत, आणि ती नाकारली गेली तर मी नियमाप्रमाणे परत येईन. सोबत इकडची मुळं दाखव: नोकरी, घर, आईवडील. तरीही नकार येऊ शकतो, हे मनाशी धरून चल. नवरा तिकडे असलेली मुलगी परत कशाला येईल, ही शंका अधिकाऱ्याच्या मनात येणारच.

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. तुला ते शिक्षण हवंय का? हवं असेल तर दोन्ही वाटा एकत्र चालवणं उत्तम. फक्त लवकर पोचायचं म्हणून कुठलातरी डिप्लोमा घेणार असशील, तर मी मनापासून सांगते, करू नकोस. परदेशी विद्यार्थ्याची फी पीआर झालेल्याच्या फीपेक्षा कितीतरी पट असते. 1 सप्टेंबर 2025 पासून क्यूबेकबाहेर एका माणसाच्या राहण्याखाण्यासाठी 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, तेही पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून. डिप्लोमाला बहुतेक वेळा प्रांताचं अटेस्टेशन लेटर (त्या प्रांताच्या विद्यार्थी-कोट्यात जागा असल्याचं पत्र) लागतं. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला 24 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. हा सगळा पैसा आईवडिलांच्या एफडीतून जाणार असेल, तर नाशिकला राहून स्पॉन्सरशिपची वाट बघणं जास्त शहाणपणाचं. मधल्या काळात भेटायला व्हिजिटर व्हिसाही मागता येतो.

शिक्षण हवंच असेल तर पुढचं वाच. कॅनडात वाग्दत्त वधूला स्पॉन्सर करता येत नाही. लग्न झालेलं असावं लागतं, किंवा सलग 12 महिने एकत्र राहिलेलं. व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न चालत नाही, दोघंही समोर हजर हवेत. लग्नानंतर अर्जाचे दोन प्रकार असतात: कॅनडातल्या जोडीदारासाठीचा, ज्याला सगळे 'इनलँड' म्हणतात, आणि फॅमिली क्लास, म्हणजे 'आउटलँड'. कॅनडात राहत असलीस तरी आउटलँड करता येतो, आणि मी तोच सुचवेन. नकार आला तर त्यात इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे, म्हणजे अपिलं ऐकणाऱ्या मंडळाकडे, दाद मागता येते, इनलँडमध्ये ती सोय नाही. शिवाय घरी कोणी आजारी पडलं तर निघून येता येतं. इनलँडमध्ये बाहेर पडल्यावर परतीचा व्हिसा अडकला की अर्जच धोक्यात.

नवऱ्याबरोबर तिथे राहत असशील आणि अर्ज पोचल्याची पावती आली असेल, तर दोन्ही प्रकारांत ओपन वर्क परमिट, म्हणजे जवळजवळ कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी, मागता येतं. मग तासांची मर्यादा राहत नाही. पण ते हातात येईपर्यंत शिक्षण सोडू नकोस. स्टडी परमिटवर असताना प्रवेश चालू ठेवणं आणि अभ्यासात पुढे सरकणं ही अट आहे. परमिटची मुदत संपत आली तर संपायच्या आधीच वाढीचा अर्ज टाक.

स्पॉन्सर करणाऱ्याला जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, पण तू पीआर झाल्यापासून 3 वर्षं तुझ्या खर्चाची जबाबदारी तो लेखी घेतो. त्यालाही हे नीट वाचायला सांग.

नातं खरं आहे हे पटवण्यासाठी आपल्याकडे भरपूर असतं, फक्त ते समजावून सांगावं लागतं. स्थळ कोणी आणलं, पहिली भेट कुठे झाली, साखरपुड्याला कोण होतं, हे अगदी साध्या भाषेत लिही. अधिकाऱ्याला केळवण माहीत नसतं. फोटोखाली दोन ओळी लिहिल्या की कळतं. लग्नपत्रिका, मराठीतले दाखले यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोड. लग्नानंतर नाव बदलणार असशील तर पासपोर्ट, प्रमाणपत्र आणि अर्ज यांवर एकच नाव येईल असं बघ, नाहीतर प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

फी घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडातला वकील तरी असावा, नाहीतर त्याचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत असावं. तुझा एजंट तिथे आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर शोध.

आणि एक गोष्ट होणाऱ्या नवऱ्याला आजच विचार. आपल्याकडे पुष्कळ जण व्हिसासाठी आधी रजिस्टर लग्न उरकतात आणि विधी पुढे ढकलतात. तुमचं तसं काही त्याच्या लँडिंगच्या, म्हणजे तो पीआर होण्याच्या, आधी झालं होतं का? झालं असेल आणि पीआर घेताना त्याने तुझं नाव पत्नी म्हणून कळवलं नसेल, तर इमिग्रेशन नियमावलीतल्या नियम 117(9)(d) खाली तू फॅमिली क्लासमधूनच बाहेर पडतेस, म्हणजे त्यातून तो तुला स्पॉन्सर करू शकत नाही. तसं असेल तर कॉलेजची फी भरण्याआधी कॅनडातल्या इमिग्रेशन वकिलाकडे जा. नसेल, तर त्याच्या पीआरच्या अर्जाची प्रत मागवून घे आणि त्यातल्या तारखा समोर ठेवूनच तुझे फॉर्म भर.