आजाराचं नाव कळेपर्यंत दम लागण्याचं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की पाच महिन्यांपासून जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला आहे. एक डॉक्टर दमा म्हणाले, दुसऱ्यांना स्कॅनमध्ये डाग दिसले, तिसऱ्यांनी तीन महिन्यांनी परत यायला सांगितलं. आणि शेवटी विचारलंय, "तोवर मी करू काय?" हाच प्रश्न मी अकरा महिने रोज स्वतःला विचारत होते. मी डॉक्टर नाही, पण त्या अकरा महिन्यांत जे शिकले ते मनापासून सांगते.

आधी एक महत्त्वाचं. बसल्या जागी अचानक दम लागला, एक वाक्य एका दमात पुरं होईना, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं, भोवळ आली किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. एकच पाय सुजून दुखतोय आणि त्याच वेळी दमही वाढलाय, तरीही तसंच, कारण ती फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी असू शकते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. माझी सर्वात मोठी चूक ही झाली की आजाराचं नाव कळल्याशिवाय दम लागण्यावर काही करताच येणार नाही, असं मी धरून चालले. चार महिने मी नुसती रिपोर्टची वाट बघत खुर्चीत बसून होते, आणि त्या बसण्यानेच माझा दम वाढला. हालचाल थांबली की मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू ढिले पडतात. ढिल्या स्नायूंना त्याच कामाला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे दम आणखी लवकर लागतो, म्हणजे आपण आणखी कमी हलतो. आजार जिथल्या तिथे असला तरी माणूस खाली खाली जात राहतो. नाव दमा निघो, सीओपीडी (बहुधा धुरामुळे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) निघो की फुप्फुसाचं आकसणं, दम आटोक्यात ठेवायच्या बऱ्याचशा युक्त्या सारख्याच आहेत. त्या आजपासून सुरू करता येतात.

पहिली युक्ती मला एका फिजिओथेरपिस्टने शिकवली. दम लागला की आपण हवा आत ओढायला धडपडतो, खांदे वर जातात, श्वास उथळ आणि भरभर होतो. तिने सांगितलं, "आधी सोडा. आत यायचं ते आपोआप येईल." बसायचं, थोडं पुढे वाकायचं, कोपरं मांड्यांवर किंवा समोरच्या टेबलावर टेकवायची, मनगटं सैल सोडायची. हातांचा भार असा टेकला की मानेचे आणि खांद्यांचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. मग नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर मारतो तितक्याच हळुवारपणे, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहायचं. जोर लावायचा नाही. दमा किंवा सीओपीडीमध्ये हवा आत अडकून राहते, तिथे याचा फायदा जास्त होतो. फुप्फुसं ताठर झालेल्या आजारात काहींना लांब श्वास सोडणं जड जातं. तसं वाटलं तर दुप्पट वेळेचा हट्ट सोडा, फक्त पुढे वाकून बसा आणि खांदे खाली ठेवा.

दुसरी युक्ती हातात धरायच्या छोट्या पंख्याची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते मन रमवण्यापुरतं वाटलं होतं. तसं नाही. नाक, गाल आणि वरचा ओठ या भागातली जाणीव चेहऱ्याच्या एका मोठ्या नसेतून मेंदूकडे जाते, आणि तिथे गार झुळूक लागली की दम लागल्याची भावना कमी होते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चेहऱ्यावर वारा घेणाऱ्यांचा दम, पायावर वारा घेणाऱ्यांपेक्षा कमी झाल्याचं दिसलं होतं. पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि हळूहळू या गालापासून त्या गालापर्यंत फिरवायचा. माझा अजूनही उशीशेजारी असतो. रात्री दोन-अडीचला जाग येऊन जीव घाबरा व्हायचा तेव्हा दिवाही न लावता हात आधी पंख्याकडे जायचा. पंखा, पुढे वाकणं आणि फुंकर, चार-पाच मिनिटांत लाट ओसरायची. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपले तर लाटा कमी यायच्या. सपाट झोपल्यावरच दम वाढत असेल तर मात्र डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण ती खूण हृदयाचीही असू शकते.

जिना. माझ्या घराला दोन टप्प्यांत अठरा पायऱ्या आहेत, आणि त्या मी अक्षरशः नव्याने चढायला शिकले. पाऊल उचलताना श्वास सोडायचा. एका पायरीवर घ्यायचा, पुढच्या दोन पायऱ्यांवर सोडायचा. दम लागल्यावर थांबायचं नाही, दम लागायच्या आधीच, सहाव्या पायरीवर, ठरवून थांबायचं. पहिले काही दिवस मधल्या टप्प्यावर कुणी भेटलं तर मी फोन बघत असल्याचं नाटक करायचे. मग सोडून दिलं. कठड्याला टेकून उघड उघड थांबायला लागले आणि वर पोचल्यावर दोन वाक्यं बोलण्याइतका दम उरायला लागला. हाच नियम सगळ्या जोराच्या कामांना लावा. वाकताना, उचलताना, दार ढकलताना श्वास रोखला जातो, तिथे सोडायला शिका.

अंघोळ हे माझ्यासाठी दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. वाफ, वाकणं आणि हात डोक्यावर नेणं, तिन्ही एकदम. हात वर गेले की श्वासाला मदत करणारे खांद्याचे स्नायू दुसऱ्याच कामाला लागतात, म्हणून केस विंचरतानाही धाप लागते. ते आळसाचं लक्षण नाही. मी स्टुलावर बसून अंघोळ करायला लागले, दार थोडं किलकिलं ठेवायला लागले आणि अंग पुसण्याऐवजी मोठा टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं नुसती बसायला लागले. बूट घालताना खाली वाकण्याऐवजी पाय गुडघ्यावर घ्यायचा. पोट गच्च भरलं की श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, खाली यायला जागा उरत नाही, म्हणून थोडं थोडं, जास्त वेळा खायचं.

आणि रोज चालायचं. डॉक्टरांना विचारून, सपाट रस्त्यावर, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्याच वेगाने. मी सुरुवात चार मिनिटांनी केली होती. पल्मनरी रिहॅबची, म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांना देखरेखीखाली व्यायाम आणि श्वासाच्या युक्त्या शिकवणाऱ्या वर्गाची, सोय असेल तर पक्कं निदान व्हायच्या आधीही विचारून बघा. मी विचारलं नाही, त्याची हळहळ आहे.

ऑक्सिमीटरबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही दिवसातून वीस वेळा बघता असं लिहिलंय. मीही बघायचे. आकडा 97, आणि मी धापा टाकतेय. मला वाटायचं, म्हणजे हे माझ्या मनाचेच खेळ. एका डॉक्टरांनी समजावलं की दम लागणं म्हणजे फक्त ऑक्सिजन कमी होणं नव्हे. श्वासासाठी किती जोर लावायचा याचा हुकूम मेंदू सोडतो आणि छाती किती हलली याची खबर उलट मेंदूकडे येते. या दोहोंचा मेळ बसला नाही की श्वास पुरत नाही असं वाटतं, आकडा चांगला असला तरी. त्यामुळे तुमचा दम खरा आहे. दुसरीकडे, फुप्फुसांच्या काही आजारांत बसलेलं असताना आकडा उत्तम असतो आणि चालल्यावरच घसरतो. म्हणून सहा मिनिटं चालायची टेस्ट करतात. गार बोटं, नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. मी शेवटी दिवसातून दोनदाच बघायचं ठरवलं, सकाळी बसलेली असताना आणि चालून आल्यावर. बसलेलं असताना तो 92 किंवा त्याखाली टिकून राहिला तर डॉक्टरांना फोन करायचा, असं मला सांगितलं होतं. तुमची मर्यादा तुमच्या डॉक्टरांना विचारा.

निदानाला एवढा वेळ का लागतो, याचाही मला फार राग यायचा. फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांचेच (हवेच्या पिशव्यांभोवतीच्या नाजूक भागाला सूज येते किंवा व्रण पडतात ते) दोनशेहून जास्त प्रकार आहेत, आणि स्कॅनवर त्यातले बरेच एकमेकांसारखे दिसतात. म्हणून छातीचे डॉक्टर, स्कॅन वाचणारे आणि कधी पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. तीन महिन्यांनी बोलावणं ही टाळाटाळच असते असं नाही. तेवढ्या काळात पीएफटीचे, म्हणजे मशीनमध्ये फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीचे, आकडे घसरले, थांबले की सुधारले, ही स्वतःच मोठी माहिती असते. पीएफटीमध्ये डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते मोजणारी टेस्ट, झालीय का तेही बघा. त्यात साधारण दहा सेकंद श्वास रोखावा लागतो (मला सातव्या सेकंदाला खोकला आला आणि परत करावी लागली). फुंकायचे आकडे ठीक असूनही हा एक आकडा कमी येऊ शकतो, आणि माझ्या बाबतीत पहिला धागा तिथेच सापडला.

दुसरा धागा माझ्या वहीत होता. मी रोज तीन ओळी लिहायचे: आज काय करताना दम लागला, दहापैकी किती, आणि दिवस कुठे गेला. तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी वही चाळली आणि एका पानावर थांबले. बहिणीकडे आठ दिवस राहिले होते तेव्हा खोकला जवळजवळ गेला होता, आणि घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी परत सुरू झाला होता. त्यांनी विचारलं, "खिडकीत कबुतरं बसतात का?" बसायची. कित्येक वर्षं. मला ते सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. पुढे तपासण्या झाल्या आणि हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस हे नाव आलं, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या कणांनी फुप्फुसाला आलेली सूज. तुमचं कारण वेगळंही असेल. पण पक्षी, पिसांची उशी, ओल धरलेली भिंत, बुरशी, दगडाची किंवा धान्याची धूळ, जुनी-नवी सगळी नोकरी, आणि आजवर घेतलेली औषधं लिहून काढा. लघवीच्या संसर्गावरची नायट्रोफ्युरँटॉइन, हृदयाचे ठोके सुधारायची अमिओडॅरोन, सांधेदुखीवरची मेथोट्रेक्सेट, यांनीही क्वचित फुप्फुसाला इजा होते. मात्र मनाने एकही गोळी बंद करू नका.

तसंच, कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइड सुरूही करू नका. एका आजारात ते लागू पडतं, दुसऱ्यात घात करतं. आयपीएफ या, कारण न कळता फुप्फुसं आकसत जाण्याच्या आजारात प्रेडनिसोन हे स्टिरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन अशी तीन औषधं एकत्र दिल्यावर मृत्यू वाढलेले दिसले आणि चाचणीतला तो भाग मधेच थांबवावा लागला. ते निकाल 2012 मध्ये आले, आणि त्याआधी अनेक रुग्णांना तेच देत असत. सिगारेट असेल तर ती मात्र निदानाची वाट न बघता सोडा.

घरच्यांशीही एकदा शांतपणे बोलून घ्या, दम लागलेला नसताना. माझे यजमान घाबरून सारखं "काय होतंय? खोल श्वास घे" म्हणायचे, आणि उत्तर देण्यातच माझा उरलासुरला दम जायचा. मग आम्ही ठरवलं: मी तळहात वर केला तर काही विचारायचं नाही, पंखा द्यायचा आणि शेजारी बसायचं. मूठ वळली तर गाडी काढायची. मूठ एकदाच वळावी लागली.

पुढच्या भेटीला जाताना "दम लागतो" एवढंच सांगू नका. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता, की शंभर मीटरवर थांबावं लागतं, की कपडे बदलतानाही धाप लागते, हे नेमकं सांगा. डॉक्टर याच पायऱ्यांवर दम मोजतात. आणि निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: सध्या कुठल्या आजारांचा विचार चाललाय, ते ठरवायला पुढची तपासणी कोणती, आणि मधल्या काळात बिघडलं तर कोणत्या नंबरवर, कुणाला फोन करायचा. तो कागद मी फ्रिजच्या दारावर लावला होता.