जावई म्हणतो बोटीवर चला, मी गळ कुठे टाकू?

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, रिटायर. मुलगी-जावई डॅलसजवळ प्लॅनोला असतात, मे महिन्यात आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी चाललोय. जावईबापूंनी सेकंडहँड बोट घेतलीय आणि टेक्सोमा लेकवर स्ट्रायपर नावाचा मासा पकडायला नेतो म्हणतात, पण त्यांनाही विशेष काही येत नाही. माझं आजोळ अलिबागचं, लहानपणी खाडीवर तंगूस टाकून बसायचो, बस्स तेवढाच अनुभव. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: अहो, हे तर माझंच जुनं पत्र मला परत आलं असं वाटलं! माझी लेकही त्याच बाजूला राहते. पहिल्या वर्षी मी काय केलं सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. काठावर खुर्ची टाकली, गळाला चिकनचा तुकडा लावला आणि चार तास बसलो, मिळाला एक कॅटफिश आणि मानेवर लाल चट्टा. चूक गळाची नव्हती, बसण्याची होती.

स्ट्रायपर म्हणजे स्ट्राइप्ड बास, चंदेरी अंगावर सात-आठ काळ्या रेघा. हा मुळात तळ्यातला मासाच नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रात राहतो आणि अंडी घालायला नदीत वर चढतो, आपल्याकडे भरूचला पावसाळ्यात नर्मदेत हिल्सा चढतो ना, अगदी तसा. (तुमच्या अलिबागच्या जिताड्याचं बरोबर उलटं, तो राहतो खाडीत नाहीतर गोड्या पाण्यात आणि अंड्यांना समुद्राकडे जातो.) १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलायनात सँटी-कूपरची धरणं झाली, त्यात काही स्ट्रायपर आतच अडकले आणि मेले नाहीत, उलट वाढले, तेव्हा लोकांना कळलं की हा गोड्या पाण्यातच अख्खा जन्म काढू शकतो. मग ठिकठिकाणच्या तलावांत तो सोडला. टेक्सोमा हा रेड रिव्हरवरच्या डेनिसन धरणाचा तलाव, धरण १९४४ चं, मासे सोडायला सुरुवात १९६५ ला. तिथे वरून दोन मोठ्या नद्या येतात म्हणून त्याची पिल्लावळ आपोआप होते, बहुतेक तलावांत मात्र दरवर्षी नवीन सोडावे लागतात.

हे सगळं पुराण एवढ्यासाठी सांगितलं की समुद्राची सवय अंगात असलेला मासा एका जागी थांबत नाही. तो टोळीने फिरतो, शॅड नावाच्या लहान माशांच्या मागे. शॅड म्हणजे हिल्साच्याच गोतावळ्यातला, बोटाएवढ्यापासून हातभर. तर शॅड शोधा, स्ट्रायपर तिथेच आसपास असणार, आणि अर्ध्या तासात काही लागलं नाही तर बोट हलवा. जावईबापूंच्या बोटीवर फिशफाइंडरचा स्क्रीन असेलच, त्यात ढगासारखा पुंजका दिसला की तो शॅडचा आणि त्याच्या खाली-बाजूला कमानीसारख्या रेघा दिसल्या की ते मोठे मासे.

तुम्ही मे मध्ये पोचताय हे फार छान. तेव्हा पहाटे टोळी शॅडला खालून रेटत वर आणते आणि पाणी कढईत उकळल्यासारखं दिसतं, शॅड उड्या मारत असतात. असं दिसलं की नवशिका माणूस काय करतो, बोट सरळ त्यात घुसवतो आणि सगळी टोळी खाली बुडते. तसं करायचं नाही. लांबच इंजिन बंद करा, वाऱ्याने बोट सरकू द्या आणि गोंधळाच्या कडेला फेका. पाण्यावर तरंगणारं पॉपर किंवा पांढऱ्या रबरी माशाचं जिग (डोक्याला शिसं असलेला गळ), साधारण एक औंस म्हणजे २८ ग्रॅमचं, बास झालं. दुकानात शंभर रंग दाखवतील, पांढरं घ्या आणि बाहेर पडा.

जून-जुलैपासून खेळ बदलतो. तिथलं ऊन आपल्या बडोद्यासारखंच असतं हो, चाळीशी गाठतं. वरचं पाणी तापलं की स्ट्रायपर खोल गार पाण्यात जातो, कारण मोठ्या माशाला २४ डिग्रीच्या वरचं पाणी सोसत नाही. तेव्हा शिशाचं चपटं स्लॅब, म्हणजे माशासारखं दिसणारं जड खोटं आमिष, थेट तळापर्यंत सोडायचं, रीलचे चार-पाच फेरे गुंडाळायचे, परत सोडायचं. मासा बहुतेक वेळा ते खाली पडत असतानाच धरतो, म्हणून दोरा ढिला पडू देऊ नका. नाहीतर जिवंत शॅड. तो पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकून पकडावा लागतो, पाग फेकायला तुमचा अलिबागचा हात कामी येईल, पण टाकी गोल हवी, चौकोनी टाकीत शॅड कोपऱ्यात नाक घासून मरतो आणि पंप बंद पडला तरी मरतो, फार नाजूक प्रकरण.

जिवंत आमिषाला तिथे सर्कल हुक लावतात, त्याचं टोक आत वळलेलं असतं. इथे तुमची लहानपणची सवय आडवी येणार! आपण काय करतो, चावा जाणवला की झटका. सर्कल हुकला झटका दिलात की गळ तोंडातून सुळकन बाहेर. रॉड वाकू द्या, मग नुसतं रील गुंडाळत राहा, हुक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मला ही सवय मोडायला दोन ट्रिपा लागल्या.

सात फुटी मीडियम रॉड, मध्यम स्पिनिंग रील, १५ पौंड ताण सोसणारा दोरा, सामान एवढंच. पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा स्वतःच्या बोटीने जाऊच नका. दोघं मिळून एक सकाळ गाइडच्या बोटीवर जा, रॉड-आमिष त्याचंच असतं, मासे साफही करून देतो, आणि त्या चार तासांत जे दिसतं ते व्हिडिओ बघून दिसत नाही. टिप द्यावी लागते ते मनात धरा. लायसन्स मात्र तुमचं तुम्हाला काढायचं, तलाव टेक्सास आणि ओक्लाहोमा दोन्हीत येतो म्हणून दोन्हीकडे चालणारं खास टेक्सोमा लायसन्स मिळतं. माणशी दिवसाला १० मासे, त्यात २० इंच किंवा त्यावरचे दोनच, असा तिथला हिशोब, तरी जायच्या आदल्या दिवशी चालू नियम बघून घ्या, वॉर्डन पट्टी लावून मोजतो आणि सासरेबुवा म्हणून सोडत नाही.

मासा बर्फात, ताबडतोब. साफ करताना कडेची लाल पट्टी काढून टाका, सगळा उग्र वास तिथेच असतो, उरलेलं पांढरं मांस रवा लावून तळलं की झकास. तळण अंगणात करा, घरात धुराचा अलार्म वाजतो, अनुभव आहे.

प्रश्न: मुलगा अटलांटाला असतो, लेनिअर लेकवर जातो. मोठा मासा लागतो, बोटीजवळ येतो आणि दोरा तुटतो, तीनदा झालं. दोरा जाड घ्यावा का?
— एक वाचक, सयाजीगंज

उत्तर: दोरा नाही, ड्रॅग. रीलवर एक नॉब असतो, मासा जोरात ओढायला लागला की किती ताणावर दोरा सुटत जाईल हे त्याने ठरतं. तो फार आवळलेला असणार. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा ठेवायचा, म्हणजे १५ पौंडाला दोन किलोच्या आसपास. मोजायचं कसं? तुम्ही जाताना बॅगा २३ किलोच्या आत बसवायला जो हुकाचा काटा नेता ना, तोच दोऱ्याला अडकवून ओढा. आणि बोटीजवळ आला की स्ट्रायपर हमखास एक शेवटची मुसंडी मारतो, त्या वेळी रील घट्ट धरायचं नाही, पळू द्यायचं.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, शेजार सगळा जैनांचा. मुलगा टेक्सासला असतो, सांगतो की आई, मी मासा पकडून परत सोडून देतो, मारत नाही. मग जीवहत्या तर होत नाही ना?
— एक आई, मांजलपूर

उत्तर: ताई, तुम्हाला आवडणार नाही पण खरं सांगतो. थंडीत सोडत असेल तर मासा बहुधा जगतो, हात ओले करून धरावा आणि फोटो झटपट काढावा एवढंच. उन्हाळ्यात खोल गार पाण्यातून ओढून तापलेल्या पाण्यात आणलेला स्ट्रायपर दमून आधीच अर्धमेला झालेला असतो, सोडल्यावर पोहत जाताना दिसतो आणि पुढे जाऊन मरतो, मुलाला ते दिसत नाही इतकंच. म्हणून तिथले जाणते लोक जुलै-ऑगस्टमध्ये सोडायचा खेळ करतच नाहीत, खाण्यापुरते घेतात आणि गळ आवरतात. मुलाला म्हणावं, सोडायचेच असतील तर नोव्हेंबरनंतर जा, तेव्हा सीगल पक्षी शॅडवर झेपा घालतात, पक्षी जिथे तिथे मासा, शोधायलाही सोपं. आणि उन्हाळ्यात त्याला इकडेच बोलवा, आंबे असतात.