थंडीत जिवंत चारा कसा धरायचा

तांबोशी मासळी गरवायची, म्हणजे गळाने धरायची ना? मग बर्फातली कोळंबी विसर, जिवंत चारा धर. पुनवे-अवसेला सकाळी लवकर सुकती म्हणजे ओहोटी लागते, पाणी लांब मागे जातं. तेव्हा कांदळवनातल्या छोट्या वहाळांची, म्हणजे ओहोळांची, तोंडं आणि मागे राहिलेली डबकी बघ. कोळंबी, बारके बोयट मासे तिथेच सापडतात. लहान पाग, म्हणजे फेकायचं जाळं, पुरतो. चप्पल नको, बूट घाल. कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात.

धरणं सोपं, जगवणं कठीण. बादलीत त्याच खाडीचं पाणी घे, नळाचं अजिबात नको. गर्दी करू नको. बॅटरीवरचा एअर पंप असला तर उत्तम, नाहीतर थोडं थोडं पाणी बदलत राहा. ऊन चढलं की वर ओलं गोणपाट टाक, आणि मेलेली कोळंबी लगेच काढ, ती बाकीचं पाणी नासवते.

कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याखाली गरी (गळाचा आकडा) घाल, पण आतला काळा डाग चुकव. तिथे टोचलं की संपलीच. बोयटाला ओठातून. उरलेला चारा परत खाडीत सोड, एवढ्याशा माशांचं धड कालवणही होत नाही.