मोबाइलवरून वर्ध्याचा सहा आकडी लँडलाइन नंबर लागत नाही, काय करावं?

मोबाइलवरून लावताना आधी एसटीडी कोड हवाच, तुम्ही वर्ध्यातच उभे असलात तरी. म्हणजे 07152 आणि पुढे ते सहा आकडे. शून्य सोडून मोजा, बरोबर दहा भरतात. नागपूरचा कोड 0712 एका आकड्याने लहान, म्हणून तिथले नंबर सात आकडी.

खरी गफलत तालुक्यांत होते. जिल्हा एक असला तरी कोड एक नसतो: हिंगणघाट 07153, आर्वी 07157. पाटीवर नुसते सहा आकडे असतील तर ऑफिस कोणत्या तालुक्यात आहे ते आधी विचारा, नाहीतर भलत्याच घरी घंटी वाजते. नंबर +91 लावून सेव्ह करायचा असेल तर कोडातलं शून्य काढा: +91 7152.

उलट, लँडलाइनवरून मोबाइल लावताना 15 जानेवारी 2021 पासून आधी 0 दाबावंच लागतं.