मुंबईहून अंदमानला विमानाने जाताना स्कूबाचा रेग्युलेटर केबिनमध्ये न्यावा की चेक-इनमध्ये? आणि तो बांधावा कसा?

आपण दिवाळीनंतर डायव्हिंगसाठी अंदमानला जात आहात. नुकताच घेतलेला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतील हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणून तोंडापर्यंत पोहोचवणारे साधन, कोणत्या बॅगेत ठेवावा, विमानातील दाबाच्या फरकाने तो बिघडेल का, आणि मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा कर्मचारी तो अडवतील का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर आणि नंबरची काच बसवलेला मास्क असल्यास तोही, या वस्तू स्वतःजवळ केबिनमध्येच ठेवाव्यात. फिन्स, वेटसूट आणि बीसीडी (पाण्यात तरंगणे सांभाळणारे, हवा भरता येणारे जॅकेट) चेक-इनमध्ये गेले तरी काही बिघडत नाही. चेन्नईला किंवा कोलकात्याला विमान बदलताना बॅग मागे राहिली, तर ती पुढच्या विमानाने येईलही, पण तोवर आपली स्वराज द्वीपाची, म्हणजे जुन्या हॅवलॉकची, बोट सुटलेली असेल. फिन्स आणि वेटसूट तेथे कोणत्याही डाइव्ह सेंटरवर भाड्याने मिळतात. रेग्युलेटरही मिळतो, पण ज्या साधनावर आपला श्वास अवलंबून आहे ते आपल्या सवयीचे असावे, म्हणूनच तर आपण ते विकत घेतले.

दाबाची चिंता मनातून काढून टाकावी. प्रवासी विमानाच्या केबिनमधील दाब फार तर 8000 फूट उंचीवरील हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश इतका उतरतो, आणि सामानाचा कप्पाही त्याच दाबाखाली असतो. रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीवर बसणारा धातूचा भाग, टाकीतील सुमारे 200 बारची हवा भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त एवढ्या दाबावर आणण्यासाठी बनवलेली असते. पाव बारचा फरक तिच्या खिजगणतीतही नसतो. दाबाचा विचार करावा लागतो तो हवाबंद वस्तूंच्या बाबतीत. कॅमेऱ्याचे वॉटरप्रूफ हाऊसिंग किंवा ड्राय बॉक्स ओ-रिंग (सांधा हवाबंद करणारी रबरी कडी) काढून, थोडासा उघडा ठेवून न्यावा, आणि बीसीडीतील हवा व पाणी दोन्ही पूर्ण काढून टाकावे, कारण आत राहिलेली हवा वर गेल्यावर सुमारे एक तृतीयांशाने फुगते.

विमानतळावर अडचण येते ती बहुधा एक्स-रेच्या पडद्यावर. पितळेचा जड ठोकळा, त्यातून निघालेल्या चार नळ्या आणि एक गोल गेज हे चित्र तेथे बसलेल्या सीआयएसएफच्या जवानाच्या रोजच्या पाहण्यातले नसते. म्हणून रेग्युलेटरची पिशवी बॅगेत सर्वांत वर ठेवावी आणि कोणी सांगण्यापूर्वीच लॅपटॉपप्रमाणे ती वेगळ्या ट्रेमध्ये काढावी. विचारल्यास शांतपणे सांगावे की हे डायव्हिंगचे साधन आहे, यात गॅस नाही, आणि टाकी सोबत नाही. गेजचा काटा शून्यावर आहे हेही दाखवता येते. ‘ऑक्सिजन आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. खरे तर डायव्हिंगच्या टाकीतही बहुधा साधी हवाच असते, पण रांगेत उभे राहून हे समजावत बसण्यात अर्थ नाही. ‘नाही’ एवढे उत्तर पुरते. डायव्हिंगचे सी-कार्ड (प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र) हाताशी असले तर त्याचाही उपयोग होतो. मात्र अंतिम निर्णय त्या अधिकाऱ्याचाच असतो, हे गृहीत धरून परत काउंटरवर जाऊन सामान चेक-इन करता येईल एवढा वेळ हाताशी ठेवावा आणि रेग्युलेटर अशा मऊ अस्तराच्या पिशवीत ठेवावा की वेळ पडल्यास ती चेक-इनमध्येही जाऊ शकेल.

टाकी आणि शिशाची वजने नेण्याचा विचारही करू नये. नेहमीची 80 घनफुटी अॅल्युमिनियमची टाकी रिकामी असतानाही सुमारे 14 किलोची असते, भरलेली विमानात चालत नाही, आणि या दोन्ही वस्तू डाइव्ह सेंटर देतेच. त्यांच्या टाक्यांचा व्हॉल्व्ह योक (वरून कडीने आवळण्याच्या) पद्धतीचा आहे की डिन (आट्यांनी फिरवून बसवण्याच्या), एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. आपला रेग्युलेटर डिनचा असेल, तर अॅडॉप्टर मुंबईहूनच न्यावा. तिकडे तो ऐनवेळी मिळेलच असे नाही.

आता बांधणी. घाई होते ती इथेच. होज (नळ्या) आणि गेज सुटे करून जागा वाचवण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक जोड उघडला की तेथील ओ-रिंग आणि घट्टपणा पुन्हा तपासणे आले, आणि ते काम तंत्रज्ञाचे आहे. रेग्युलेटर जोडलेलाच ठेवावा. फर्स्ट स्टेज मध्यभागी ठेवून तिच्याभोवती होज मोठ्या, सैल वेढ्यात फिरवावेत; चकलीसारखे आवळून गुंडाळले, तर धातूच्या टोकाजवळ रबर दुमडते आणि पुढे तेथेच चिरते. सेकंड स्टेज (तोंडात धरण्याचा भाग) आणि ऑक्टोपस (जादा सेकंड स्टेज) अशा बाजूला ठेवावेत की त्यांच्या पर्ज बटणावर (हवा सोडण्याच्या बटणावर) किंवा माउथपीसवर काही दाबले जाणार नाही. टी-शर्ट मध्ये घातले, तर वेगळा फोम लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या कडक पेट्या दिसायला भारदस्त असतात, पण देशांतर्गत प्रवासात केबिन बॅगेला बहुधा 7 किलोची मर्यादा असते. त्यातले तीन-एक किलो रेग्युलेटरचा पूर्ण संचच घेतो, तेव्हा उरलेले वजन पेटीला देऊ नये असे मला वाटते.

बॅग बंद करण्यापूर्वी एक चाचणी करावी. फर्स्ट स्टेजवर डस्ट कॅप घट्ट बसवून सेकंड स्टेजमधून हलकेच श्वास ओढावा. सुरुवातीला किंचित हवा येईल आणि मग ओढ अडेल. हवा येतच राहिली, तर डायफ्राम (आतील रबरी पडदा), एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (श्वास बाहेर सोडणारी झडप) किंवा माउथपीस यांपैकी काहीतरी फाटले किंवा सरकले आहे असे समजावे. हीच चाचणी अंदमानला उतरल्यावर खोलीत पुन्हा करावी, म्हणजे दोष बोटीवर चढण्याआधी कळेल. टाकीवर बसवून दाबाखाली केलेली तपासणी अर्थातच याशिवाय हवी.

इतर वस्तूंबद्दल थोडक्यात: चाकू आणि दोर कापण्याचे कटर चेक-इनमध्येच जातात. टॉर्चची सुटी लिथियम बॅटरी मात्र केबिनमध्येच न्यावी लागते, तीही टोके झाकून. 100 वॅट-अवरच्या वरची असेल, तर विमान कंपनीची परवानगी लागते. टॉर्चमधील बॅटरी काढून ठेवावी, म्हणजे बॅगेत तो चुकून सुरू होऊन तापणार नाही.

परतीच्या प्रवासाचे नियोजन जाण्यापूर्वीच करावे, कारण शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसता येत नाही. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’च्या शिफारशीनुसार डीकॉम्प्रेशन (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणे) न लागणाऱ्या एकाच डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह किंवा सलग अनेक दिवस केले असल्यास किमान 18 तास थांबावे, बरेच जण 24 तास धरतात, आणि मीही तसेच सुचवेन. रेग्युलेटर सुकवण्यासाठी हाच वेळ वापरावा. डस्ट कॅप आधी कोरडी करून घट्ट लावावी, मगच संच गोड्या पाण्यात बुडवावा. पाण्यात असताना पर्ज बटण दाबू नये, कारण त्याने व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत पोहोचते. नंतर तो उन्हात न ठेवता पंख्याखाली पसरून सुकवावा. निघेपर्यंत होज ओलसर वाटले, तरी संच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये; जाळीच्या पिशवीतून आणावा आणि घरी पोहोचताच पुन्हा पंख्याखाली पसरावा, कारण मुंबईच्या दमट हवेत बंद पिशवीतला ओलावा आपोआप निघून जात नाही.