कापडी दारांच्या जीपमध्ये पाणी आणि वारा आत येऊ नये म्हणून कोणतं रबर लावावं?

तुम्ही लिहिलंय की इंदूरहून पाताळपाणीच्या धबधब्याला जाऊन येईपर्यंत मांड्या भिजतात, खिडकीची फडफड डोकं उठवते, तर रबर कोणतं घ्यावं. रबराचं सांगतो, पण ते शेवटचं काम. मी ते सगळ्यात आधी केलं आणि पस्तावलो.

माझी जीप जुनी, डिस्पोजलमधली, म्हणजे लष्कराने लिलावात काढलेली. पहिल्या पावसाळ्याआधी गादीवाल्याकडून स्पंजच्या पट्ट्या कापून आणल्या आणि दाराच्या चौकटीभर चिकटवल्या. दार लागेना. जोर करून लावलं तर दाराच्या सांगाड्याचा वरचा पाइप बाहेर वाकला, फट होती त्याहून मोठी झाली. शिवाय स्पंज पाणी पिऊन बसला. दिवाळीपर्यंत गाडीत ओल्या पोत्याचा वास आणि खालच्या पत्र्याला गंज.

म्हणून आधी दार नीट टांगलंय का ते बघा. बिजागरीची पिन झिजली की दाराचा मागचा कोपरा खाली बसतो आणि वर फट पडते. पिन बदला, नाहीतर एखादा वॉशर घाला. पाइप वाकलेला असेल तर हलक्या हाताने सरळ करा. मग दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. जिथे ती अलगद निघते तिथे खूण करा. रात्री आत टॉर्च लावून बाहेरून पाहिलं तरी फटी दिसतात. माझ्या दाराला तर पार चाळणी झाली होती.

पाणी कुठून येतं ते मात्र पाण्याच्या नळीनेच कळेल. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बारीक धार खालून सुरू करून हळूहळू वर न्यायची. आधीच वरून ओतलं तर सगळंच ओलं होतं आणि मूळ जागा सापडत नाही. आमच्याकडे पाणी पुढच्या काचेच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून शिरत होतं, बिजागरीच्या कडेने उतरायचं आणि नेमकं हिच्या डाव्या गुडघ्यावर ठिबकायचं. मी तीन महिने दाराच्या खालच्या कडेला दोष देत होतो!

शिलाईतूनही पाणी झिरपतं. दोऱ्यावरून मेणबत्ती घट्ट घासायची आणि हेअर ड्रायरने मेण मुरवायचं. ड्रायर प्लास्टिकच्या खिडकीपासून लांब ठेवा.

आता रबर. पाणी न शोषणारं, आतून पोकळ, डी आकाराचं ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर) बीडिंग, म्हणजे कडेला लावायची पट्टी, मागा. चिकटवायच्या जागेची धूळ आणि तेल पुसून फेविकॉल एसआर (रबर चिकटवायचा गोंद) दोन्हीकडे लावा, हाताला चिकटेनासं झालं की दाबा. दार दोन बोटांनी लागलं पाहिजे. खांदा लावावा लागत असेल तर बीडिंग जाड झालंय. या रबराला ग्रीस किंवा तेल लावू नका, ते फुगतं. खालच्या कडेला मी बीडिंग लावतच नाही. आत आलेलं पाणी जायला वाट हवी.

फडफडीला रबराचा उपयोग नाही, ते कापड सैल पडल्याचं लक्षण. चांगल्या हूडवाल्याकडे (जीपचं कापडी छत शिवणाऱ्याकडे) जाऊन कापड ताणून पुन्हा शिवून घ्या आणि पाइपला आतून वेल्क्रोचे दोन-तीन पट्टे लावून घ्या. माझ्या गाडीत सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. आता महूपुढच्या जाम गेटपर्यंत ओरडून बोलावं लागत नाही. खिडकीचं प्लास्टिक कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी भरपूर पाणी, मग मऊ सुती कापड. थंडीत पहाटे ते कडक असतं, तेव्हा गुंडाळलं तर तडकतं.

धुळीचं विचारलं नाहीत, पण मे महिन्यात विचारालच. ती बरीचशी मागून येते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे भोवरे होऊन चाकांनी उडवलेली धूळ फटींतून आत ओढली जाते. मागचा पडदा खालपर्यंत घट्ट बांधा आणि गाडीला ब्लोअर असेल तर बाहेरची हवा आत घेणारा ठेवा. पडदा वर गुंडाळून फिरायची हौस असेल, तर मग धूळ खाणं आलंच.