इको झाला, मग एमआरआय कशाला?

प्रश्न : वडील 58 वर्षांचे आहेत. टूडी इकोत पंपिंग 30 टक्के आलं, अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. तरी डॉक्टर हृदयाचा एमआरआय करायला सांगतात. हा खर्च कशासाठी?

पंप अशक्त झालाय हे इकोनं सांगितलं. का झालाय, ते बऱ्याचदा एमआरआय सांगतो. त्यात शिरेतून गॅडोलिनियम (चित्रात फरक उठून दिसावा म्हणून द्यायचं औषध) देतात आणि साधारण दहा मिनिटांनी पुन्हा चित्रं घेतात. निरोगी स्नायूतून तोवर ते बरंचसं निघून गेलेलं असतं. व्रण असेल तिथं रेंगाळतं आणि ती जागा पांढरी दिसते. खरी गंमत व्रणाच्या जागेत आहे. हार्ट अटॅकचा व्रण भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होतो, मायोकार्डायटिसचा (हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेचा) बहुधा बाहेरच्या बाजूला असतो, डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत (हृदय फुगून स्नायू अशक्त होण्याच्या आजारात) असलाच तर बऱ्याचदा भिंतीच्या मधोमध. या मधल्या व्रणाचा धोकादायक ठोक्यांशी संबंध आहे, म्हणून आयसीडी (असे ठोके आल्यास शॉक देऊन ते थांबवणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवायचा का, हे ठरवताना तो विचारात घेतात. वडिलांच्या बाबतीत हा खर्च मला योग्य वाटतो. फक्त रिपोर्टची वाट पाहत औषधं लांबवू नका.

प्रश्न : भावाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी (हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, घराण्यात चालणारा आजार) आहे. माझा इको नॉर्मल, पण ईसीजीत टी-वेव्ह उलट्या आहेत. त्रास काहीच नाही. विषय सोडून देऊ?

नको. स्नायू फक्त हृदयाच्या टोकाशी जाड असेल तर साध्या इकोत ते निसटू शकतं. एमआरआयमध्ये टोक स्वच्छ दिसतं. एरवी 15 मिलिमीटर जाडी आजार मानतात. सख्ख्या भावाला आजार असताना 13 सुद्धा पुरते. एमआरआयही नॉर्मल आला तरी दर तीन ते पाच वर्षांनी ईसीजी-इको करत राहा. हा आजार उशिराही प्रकट होतो.

प्रश्न : आईच्या (76) हृदयासाठी हाडांच्या स्कॅनचं औषध वापरणार म्हणतात. काही घोटाळा तर नाही?

घोटाळा नाही. डॉक्टरांना अ‍ॅमिलॉइडची, म्हणजे चुकीच्या घडणीचं प्रथिन हृदयाच्या स्नायूत साचण्याच्या आजाराची शंका असावी. अ‍ॅमिलॉइडच्या ट्रान्सथायरेटिन (साचणाऱ्या प्रथिनाचं नाव) प्रकारात टेक्नेशियम पायरोफॉस्फेट, म्हणजे हाडांच्या स्कॅनचं हे औषध, हृदयाच्या स्नायूत साठतं आणि कॅमेऱ्यात दिसतं. मात्र सोबत लाइट चेनसाठी (अ‍ॅमिलॉइडच्या दुसऱ्या प्रकारात साचणाऱ्या प्रथिनासाठी) रक्त-लघवीच्या तपासण्या हव्यातच. त्यांच्याशिवाय या स्कॅनवर मी निदान करणार नाही, कारण लाइट चेनच्या प्रकारातही तो कधी कधी पॉझिटिव्ह येतो. स्कॅन पॉझिटिव्ह आणि लाइट चेनच्या तपासण्या नॉर्मल, असं जुळलं तर बायोप्सी बहुधा टळते. आईच्या दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं) ऑपरेशन पूर्वी झालं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा; तोही या आजाराचा धागा असू शकतो.

प्रश्न : स्टेंट असताना एमआरआय चालतो?

चालतो. पेसमेकर असेल तर मात्र त्याचं कार्ड आधी दाखवा.